तीन नंबर वाढली

पालघरच्या त्या हॉलबाहेरच्या व्हरांड्यात चारुता येरझाऱ्या घालत होती, पण तिचा जीव बोईसरच्या प्रयोगशाळेत टांगणीला लागला होता. आत दिनानाथ सर आणि समितीची माणसं चहा संपवत होती. चहा संपला की निर्णय होणार होता. चारुताचा औषधी रेणू की तिचा सहकारी मितेश याचा, दोहोंतला एकच पुढे जाणार आणि दुसऱ्याची फाइल कायमची बंद होणार.

काही जंतू असे चिवट, की अँटिबायोटिक आलं रे आलं की एक एन्झाइम सोडून त्याचे तुकडे करतात. त्या एन्झाइमच्या तोंडात अडकून बसेल असा रेणू चारुताने सहा वर्षं खपून बनवला होता. तो खरंच अडकतो का, हे आज तीन नळ्या सांगणार होत्या. तिन्हींत तोच चिवट जंतू होता. एकीत नुसता, दुसरीत अँटिबायोटिकबरोबर, आणि तिसरीत अँटिबायोटिकच्या जोडीला चारुताचा रेणू. पहिल्या दोन गढूळ होणारच होत्या. तिसरी नितळ राहिली तर सहा वर्षं सार्थकी लागली.

नळ्या बघणारा तिचा मदतनीस हर्षित नेमका आजच काविळीने घरी पडलेला. प्रयोगशाळेत होती फक्त कमळी, बेटेगावची, आठ वर्षं काचसामान धुणारी. तिचा फोन बटणांचा, त्यामुळे फोटो वगैरे सगळा आनंदच होता.

चारुताने तिलाच फोन लावला.

"ताई, नळ्यांच्या उबेच्या पेटीची काच घामेजलीय. काय दिसत नाय."

"मग नळ्या बाहेर काढ. उजेडात धर."

जंतूंच्या नळ्यांना कमळीने हात लावायचा नाही, हा नियम चारुतानेच लिहून भिंतीवर डकवला होता. तो तिला आठवलाही. पण आत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला आणि तिने नियमाकडे काणाडोळा केला.

"एक गढूळ हाय," कमळी म्हणाली. "दोन पण गढूळ."

मग फोन बाजूला ठेवल्याचा आवाज. नंतर नळ सोडल्याचा आवाज.

"कमळी? तीन नंबर?"

"तीन वाढली, ताई."

चारुता फोन ठेवून आत गेली. "तिसऱ्या नळीत जंतू वाढले," तिने सरळ सांगून टाकलं. दिनानाथ सरांनी मान हलवून काहीतरी लिहिलं. मितेश बिचारा खाली बघत राहिला. त्याला जिंकायचं होतं, पण असं नाही. चारुताला रडू आलं नाही, रागच आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना.

सर मितेशच्या रेणूबद्दल बोलायला लागले, तेव्हा तिला खटकलं. दोनदा गढूळ म्हणणारी कमळी तिसऱ्यांदा वाढली का म्हणाली? तिला आपण दोनच शब्द शिकवलेत, गढूळ आणि नितळ.

आणि मग तिला आठवलं. कमळीच्या तोंडी काच कधी फुटत नसे. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, हे सगळ्याच बायकांना ठाऊक. कमळीने तो मान प्रयोगशाळेतल्या झाडून सगळ्या काचेला देऊन टाकला होता. गेल्या वर्षी मोठा बीकर वाढला तेव्हा सगळे हसले होते, चारुतासकट.

ती बाहेर धावली आणि तिने पुन्हा फोन लावला.

"कमळी, नळी फुटली का?"

"तसं नका बोलू ताई. वाढली."

"आतलं पाणी कसं होतं? गढूळ की नितळ?"

"मी वर औषध वतून पुसून टाकला. तुमी शिकवलेला तसाच."

"पण त्याआधी? आठव जरा. नितळ होतं का?"

"कसा कळणार ताई? उजेडात धरली नि हातातच गेली. सगळा रक्त मिसळला."

आपण नळीबद्दल विचारलं, पाण्याबद्दल विचारलं, पण कमळीबद्दल नाही, याची चारुताला भयंकर लाज वाटली. ते पाणी गढूळ असेल तर तो जंतू आता कमळीच्या जखमेत होता, आणि चारुताच्याच हुकमाने गेला होता.

"हात वाहत्या पाण्याखाली धरून ठेव," ती म्हणाली. "फोन बंद करू नकोस. मी येतेय, आपण दवाखान्यात जायचंय."

फोन तसाच हातात धरून ती आत गेली. "मी चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "जंतू वाढले असं कमळी म्हणालीच नव्हती, नळी फुटलीय. आत काय होतं ते कुणालाच माहीत नाही. आणि माझ्या सांगण्यावरून कमळीने ती हातात घेतली, तिचा हात कापलाय."

"नळी पुन्हा लावता येईल," दिनानाथ सर म्हणाले. "निर्णय थांबवायचा का?"

"तुम्ही ठरवा, सर. मला आत्ता गाडी हवीय."

मितेशने काही न बोलता आपल्या गाडीची किल्ली पुढे केली. पायऱ्या उतरताना तिने फोन कानाला लावला. पलीकडे पाणी वाहत होतं.

"कमळी, घाबरू नकोस."

"मी नाय घाबरत," कमळी म्हणाली. "याच जंतूचा औषध बनवताव ना तुमी, एवढी वर्षं? तोच लावा की मला."

चारुता गाडीच्या दाराशी थांबली. हो म्हणावं की नाही, हे तिला खरंच माहीत नव्हतं.