आक्का सिरीयस आहे

सकाळी आठला गोरखचा फोन आला तेव्हा सावळाराम भोंगवलीत ओट्यावर लसूण सोलत बसले होते.

"मामा, आई सिरीयस हाय. लगीच या." एवढं बोलणं झालं आणि रेंज गेली. वेल्ह्याच्या डोंगरात रेंजचं असंच.

सावळारामांनी मोबाईल धोतराच्या सोग्याला पुसला. स्पीकरवरचा आवाज ऐकून दारात आलेल्या सुनेला म्हणाले, "अश्विनी, आक्का गेली."

"अवो, भावजी सिरीयस म्हणाले ना?"

"तेच की."

अश्विनी तारेच्या काळातली नव्हती, तिला काय कळणार! हा शब्द त्यांच्या घरात आला तोच मुळी तारेतून. सावळाराम सातवीत होते. मुंबईच्या धाकट्या चुलत्याने तिथल्याच थोरल्या चुलत्याबद्दल तार केली, 'ब्रदर सिरीयस'. गुरुजींनी कोश काढला आणि अर्थ सांगितला, गंभीर. आई म्हणाली, "मग बरं हाय. लई खिदळायचे." वडील दोन दिवसांनी सवडीने गेले, तर तिथे राख सावडून झालेली.

तेव्हापासून गावाने कोश मिटला आणि अर्थ आपला आपण ठरवला. माणूस गेलं की 'सिरीयस आहे' एवढंच कळवायचं. वाटेतच कुणी छाती पिटून घ्यायला नको. तार बंद झाली, एसटीडीचे डबे आले नि गेले, मोबाईल आला, पण शब्दाने आपली जागा सोडली नाही. आता अश्विनीची पोरगी ताटात भेंडी बघून "सिरीयसली?" म्हणायची, तेव्हा सावळारामांच्या अंगावर काटा यायचा.

ज्याला आजार आहे त्याच्याकडे धावत जायचं, मेलेल्याकडे रीतीने जायचं. भावकी गोळा करायला दहा वाजले. कुणाची दाढी राहिली होती, कुणाची म्हैस.

आणि लुगडं घ्यायचं होतं. बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, ते भावानेच न्यायचं. नऊ वर्षं त्यांनी आक्काला भाऊबीजेची चिंधीसुद्धा नेली नव्हती. गोरखच्या लग्नात मामाला मानाची टोपी घालायची राहिली. एवढंच झालं, आणि सावळाराम भरल्या ताटावरून उठले होते. आक्का एसटीपर्यंत अनवाणी मागं आली. त्यांनी खिडकी लावून घेतली. दर दिवाळीला वाटायचं, जावं, एकदा "चुकलं" म्हणावं. मग वाटायचं, पुढच्या वर्षी.

नसरापुरात टेम्पो थांबवून त्यांनी दुकानात सगळी पांढरी लुगडी उलगडायला लावली. विधवेला पांढरंच. पण हे जाड, ते खरखरीत, ह्याचा काठ फिका. तासभर गेला. भावकीने दोनदा चहा घेतला. "आता कसली घाई," सावळाराम म्हणाले, आणि सगळ्यात मऊ लुगडं निवडलं.

वेल्ह्याला पोचायला दोन वाजले. चुलतबहीण रतनबाई लुगड्याची पिशवी घेऊन पुढे होती. उंबऱ्याला पाय लागताच तिने सूर लावला, "आक्के गं, आशी कशी गं टाकून ग्येलीस..."

गोरख आतून धावत आला. "मावशे, त्वांड मिट! आई जित्ती हाय!"

रतनबाईचा सूर मध्येच तुटला. पिशवी हातातून सुटली.

"मामा, केवढा येळ!" गोरखचा आवाज फाटला. "डाक्टर म्हनले घरी न्या. सकाळपासनं 'सावळा आला का' म्हून इचारत हुती. बारापतुर बोलत हुती. मंग जीभच अडली."

"आरं, तू सिरीयस म्हनलास..."

"व्हय मग! डाक्टर तसंच म्हनले."

सावळाराम वहाणा काढून आत शिरले.

आत खाटेवर आक्काचे डोळे उघडे होते. तिने उंबऱ्यावरचा हेल ऐकला होता, आणि आता पिशवीतून अर्धं बाहेर आलेलं पांढरं लुगडंही ती बघत होती. एका बाईने ते घाईघाईने पदराखाली ओढलं. आक्काने बोट हलवलं. इकडे आण.

सावळाराम स्वतः लुगडं घेऊन खाटेजवळ बसले. "आक्का, चुकलं माजं. टोपीचं न्हाई म्हनत. आजचं म्हंतोय. न्हाई, टोपीचंबी." नऊ वर्षं घोकलेलं सगळं बोलणं एवढ्यातच संपलं. आक्काचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

मग तिने लुगड्याचं टोक चिमटीत धरलं आणि दुकानात पोत बघावा तसं दोन बोटांत चोळून बघितलं. हळूहळू, पुन्हा पुन्हा.

"पसंत हाय का गं?" सावळारामांनी विचारलं, आणि तिची बोटं थांबेपर्यंत ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.