हत्ती न घेणं

दोंडाईच्याला रोनकच्या कापड दुकानात बसून आम्ही दोघांनी दोन वर्षं बुद्धिबळाचा एकच डाव घोटला. पांढरी मोहरी घेऊन सुरुवातीला काही करायचंच नाही. घोडा बाहेर, एक प्यादं एकच घर पुढे, उंट कोपऱ्यात. समोरचा कंटाळून अंगावर येतो. मग बाराव्या खेळीला हत्ती फुकट द्यायचा. घेतला की तो मेला. न घेतला तर मात्र आपण हरतो, हे रोनकनेच शोधलं होतं, आणि आमच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

जळगावच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत माझ्यासमोर रोनकची मामेबहीण प्रियल आली. बाराव्या खेळीला मी हत्ती दिला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, लगेच दुसरं प्यादं सरकवलं. मी हरले.

संवत्सरीला, जैनांच्या क्षमा मागायच्या दिवशी, रोनक दरवर्षीसारखा दारात आला. हात जोडून म्हणाला, "मिच्छामि दुक्कडम्, नूतन. वर्षभरात जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर क्षमा कर."

मी विचारलं, "जाणता की अजाणता?"

"असं कोणी विचारतं का," म्हणत तो हसला आणि जोडलेले हात तसेच ठेवून शेजारच्या दाराकडे वळला. तिथंही तेच वाक्य, त्याच सुरात.