निरोपाचे चार स्लीपर

मी नाकासमोर चालणारा माणूस आहे. कायदा मोडायची हौस मला कधीच नव्हती. पण कायद्याने आधी स्वतःचं काय ते ठरवावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

झालं असं, की लेकीने फोनवर एक कागद पाठवला. क्रिओसोट लावलेलं लाकूड यापुढे घरात, बागेत, मुलं खेळतात तिथे वापरायचं नाही. खाली तिची ओळ होती, "बाबा, परसातला तो चौकोन जाईपर्यंत भिंगरी सुट्टीला येणार नाही." भिंगरी म्हणजे माझी नात, सहा वर्षांची. वर्षातून एक महिना ती आमच्याकडे राहते. उरलेले अकरा मी त्या एका महिन्याकडे डोळे लावून काढतो.

आणि तो चौकोन काय साधासुधा आहे? एकतीस वर्षं मी आगगाडीच्या रुळांखालच्या लाकडी स्लीपरांना तेल पाजलं. मोठ्या बंद टाकीत लाकूड ढकलायचं आणि गरम काळं तेल दाबाने आत मुरवायचं, की चाळीस वर्षं वाळवीची बिशाद नाही. कागदावर त्याला क्रिओसोट म्हणतात, आम्ही नुसतं काळं तेल म्हणायचो. दुसरीकडे माणूस निवृत्त झाला की घड्याळ देतात. आमच्याकडे चार स्लीपर द्यायचे, ज्याचे त्याने निवडलेले, आणि प्रत्येकाच्या टोकावर सोबत्यांनी लोखंडी ठशाने आपापली खूण ठोकायची. भिंगरी चालायला लागली तेव्हा मी त्या चारांचा चौकोन मांडला आणि आत वाळू भरली. तिची अख्खी सुट्टी त्यात जाते. लाकडावर बसून बिस्किटं खाते आणि टोकावरच्या खुणा बोटाने गिरवते.

"एकतीस वर्षं कोपरापर्यंत त्यात होतो," मी म्हणालो. "मला काय धाड भरली?"

"डॉक्टरांनी दंडावरची चामखीळ कापली, ती काय हौस म्हणून?" आमची ही भांडी पुसतापुसता म्हणाली. हिचं हे असंच. बोलणार एक वाक्य, पण ते दिवसभर पुरतं.

दुसऱ्या दिवशी त्या कागदावर नाव होतं ती कचेरी सरळ गाठली. पहिल्या खिडकीवरच्याने सांगितलं, बंदी नव्या वापराला आहे, जे आधीपासून बसवलंय ते काढायची सक्ती नाही. माझा जीव भांड्यात पडला. जाताजाता म्हणालो, नात खेळते त्यात. त्यावर तो म्हणाला, मग ते तिथे असता कामा नये.

"म्हणजे काढू?"

"काढा असं नियमात नाही."

"मग ठेवू?"

"ठेवा असंही नाही."

दुसऱ्या खिडकीवर विचारलं, काढलं तर करू काय? जाळायचं नाही, धूर विषारी. करवत लावायची नाही, भुसा विषारी. विकायचं नाही, कोणाला द्यायचं नाही, नेहमीच्या कचऱ्यात टाकायचं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि हे सगळं ऐकत असताना खिडकीबाहेर रूळ दिसत होते. त्यांच्याखाली हजारो स्लीपर निवांत पडलेले, त्यातले कितीतरी माझ्याच हातचे.

"ते कसे चालतात?" मी बोट दाखवलं. माझा आवाज चढला होता, हे मी कबूल करतो.

आतल्या टेबलावरची अधिकारी बाई उठून आली. वयाने माझ्या लेकीएवढी. "काका, त्यांना परवाना आहे. आणि रुळांवर बसून कोणी बिस्किट खात नाही."

हे पटलं, म्हणून जास्तच राग आला. बाईने एक अर्ज दिला. लाकूड जुनं, सुकलेलं असेल, वास येत नसेल, तेल पाझरत नसेल, तर धोका कमी. तसं लाकूड मुलांपासून दूर, झाडांच्या कडेला राहिलं तर चालेल. वास येत असेल तर 'हो' वर खूण करायची, म्हणजे परवान्याची गाडी येऊन घेऊन जाईल.

वास! अरे, मग आधी सांगायचं नाही का? वासाच्या बाबतीत आमच्या कारखान्यात माझ्यावर कोणाची मात नव्हती. लाकूड टाकीतून निघालं की मुकादम मलाच बोलवायचा. गुडघे टेकायचे, दोन टोकं आणि मध्य, तीन ठिकाणी नाक लावायचं आणि तेल किती मुरलं ते सांगायचं. नवे लोक हसायचे, पण मोजमाप घेतलं की आकडा माझाच निघायचा.

भर दुपारी परसात गेलो. चारही स्लीपरांना गुडघे टेकून नाक लावलं. काही नाही. नुसतं तापलेलं लाकूड. उठलो, अर्जावर 'वास: नाही' अशी ठसठशीत खूण केली आणि लेकीला फोन लावला. चौकोन मोडून कुंड्यांच्या कडेला लावतो, वाळू पुढच्या दारी नेतो, प्रश्न मिटला. ती म्हणाली, आधी येऊन बघते. आमची ही रुमालाने माझं नाक पुसत होती. रुमालाला काळं लागलं. मला वाटलं, धूळ असेल.

रविवारी लेक भिंगरीला घेऊन आली. फाटकातच तिने नाकाला ओढणी लावली.

"नाटकं करू नकोस," मी म्हणालो.

"बाबा, इथून येतोय वास."

"कुठे येतोय?" मी हिच्याकडे वळलो. "तू सांग. येतो?"

ही म्हणाली, "ऊन चढलं की रोज येतो."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमच्या अंगालाही यायचा. कपड्यांना, उशीला. काय बोलणार?"

माझं डोकं भंजाळलं. एक घरची, एक पोटची, दोघी मिळून मला वेड्यात काढतायत असंच वाटलं. मी भिंगरीला हाक मारली. पोरगी खोटं बोलत नाही. तिचे डोळे माझ्या तळहातांनी झाकले आणि तिला परसाच्या दारात उभं केलं. "सांग बरं, कसला वास येतो?"

तिने नाक वर केलं आणि हसली. "तुझा."

"माझा कसा असेल? मी तर मागे आहे."

"हो, पण आजोबाचा वास आहे हा. तुझ्या जुन्या कोटाला येतो ना, तोच."

मी पुन्हा गुडघे टेकले. टोक, मध्य, टोक. काही नाही. बोट लावलं, तर बोटाला काळा चिकट डाग. लाकूड घाम सोडत होतं, माझ्या नाकाखाली, आणि मला पत्ता नव्हता. कोणत्या वर्षी गेलं माझं नाक? मुकादम मला बोलवायचा तेव्हा ते होतं, की तेव्हाही मी नुसतं हाताने ओळखत होतो? मला खरंच सांगता येईना. मला भीती वाटली, आणि इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच वाटली याची लाजही वाटली.

आत येऊन हात घासून धुतले. अर्जावरची 'नाही' खोडली आणि 'हो' वर खूण केली. लेकीने तो वाचला आणि मोटारीतून भिंगरीची पिशवी काढायला गेली.

भिंगरी टेबलाशी उभी राहून सगळं बघत होती. "आता गाडीवाले ते लाकूड नेणार?"

"नेणार."

"वास येतो म्हणून?"

"हो."

ती विचारात पडली. मग माझी बाही धरून हळूच म्हणाली, "मग तुला पण नेणार?"

मी अर्ज उलटा केला, सुलटा केला. लाकूड कुठे ठेवायचं, कुठे नाही, कोणी उचलायचं, कशात बांधायचं, सगळं होतं. ते ज्याने मुरवलं, त्याचं काय करायचं, हे कुठेच नव्हतं.

"नाही गं," आमची ही म्हणाली. "आजोबांना इथेच ठेवायचंय." आणि तिने माझ्या दंडावर हात ठेवला, जिथे ती चामखीळ होती तिथे.