गंजीवरचा फ्लेक्स

गाडी शंभर सीसीची, पण आमच्या मालकांचा विचार असा की जणू ट्रकच भरायचाय. तीन दिवस हेच चाललं होतं. मागच्या सीटवरून दोन्ही अंगांना लोंबतील अशा खताच्या दोन गोण्या एकमेकींना शिवून घेतल्या. सायलेन्सरच्या बाजूला तूप ठेवायचं नाही, पातळ होतं. तिकडं ज्वारीचं पीठ. गोणी भाजू नये म्हणून मध्ये फळी. वरून ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून आवळायच्या, चार पावलं मागं जाऊन बघायचं, मान हलवायची आणि सगळं परत सोडायचं.

“अवो, किती बारी सोडताय?” मी म्हणाले.

“तीनशे किलोमीटर जायचंय. एका अंगाला वजन झालं तर गाडी वडती.”

गाडी कसली ओढते. माणूस भ्यायला होता. साठीला आलेला माझा नवरा, बब्रुवान, सगळ्या सास्तूर गावाला आवाज ऐकू जाईल असा खोकणारा, पोटच्या पोरीच्या दारात जायला भीत होता. आणि भ्यायला कारण होतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या हर्षालीनं संभाजीनगरला कोर्टात लग्न केलं. मुलगा अमृत, लोहाऱ्याचा, बौद्ध घरातला, वाळूजला कंपनीत कामाला. पोरगा निर्व्यसनी, शिकलेला. पण आमच्या भावकीला त्याची जात सोडून दुसरं काही दिसलं नाही. आम्हालाही दिसलं नाही, उगीच दुसऱ्यावर कशाला ढकलू? माझा दीर इंद्रजित म्हणाला, पोरगी आपल्याला मेली. नुसतं म्हणून थांबला नाही. फ्लेक्स छापून आणला आणि चौकात लावला. भावपूर्ण श्रद्धांजली. वर हर्षालीचा फोटो, खाली जन्म आणि मृत्यूची तारीख. मृत्यूची तारीख म्हणजे तिच्या लग्नाची.

दहाव्या दिवशी तिच्या नावानं पिंड ठेवला. जिवंत पोरीचा दहावा घालायला गावातली चाळीस माणसं आली. पिंडाला कावळा काही शिवेना. ऊन तापलं तरी शिवेना. कसा शिवेल? पोरगी तिकडं जेवत होती, हसत होती. कावळ्याला जे कळलं ते आम्हाला कळलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि माणसं जेवायला बसली. मी वाढलं. स्वतःच्या हातानं भात वाढला मी.

तीन वर्षं तिचा फोन नाही, आमचा नाही. मग आषाढात एके दुपारी फोन वाजला. “आई, मुलगी झाली,” एवढंच बोलली. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, ते तिनं परक्या गावात काढलं होतं. मला रडायला आलं. रडणं थांबल्यावर तिनं विचारलं, “आई, एक खरं सांग. माझा दहावा घातला, फ्लेक्स लावला, असं कानावर आलंय. खरं हाय का?”

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण तिच्या मांडीवर बाळ कुरकुरलं, तो आवाज फोनमधून आला, आणि मी म्हणाले, “लोकं काय बी बोलतात गं. असलं कायबी केलं न्हाय आमी.”

तिकडं तिनं बाळाला थोपटलेलं ऐकू आलं. मग म्हणाली, “मग अण्णांना पाठव. बाळाला बघून जाऊ दे. ते खरं असतं ना, तर मी फोनच केला नसता.”

तर एवढ्यावर सगळं उभं होतं. माझ्या एका खोट्यावर.

एसटीनं जायची सोय नव्हती. इंद्रजितचं दुकान स्टँडसमोरच. आणि आमचं गाव भूकंपानंतर सरळ ओळींत बांधलेलं, या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला कळतं. म्हणून ठरलं की गाडीवर जायचं, शेताकडच्या वाटेनं. कुणी विचारलंच तर येडशीला रामलिंगाला अभिषेकाला चाललोय म्हणायचं. श्रावण होता, पटण्यासारखं होतं. दोघांनी जाऊन चाललं नसतं. म्हशीची धार कोण काढणार? मी राहिले.

सामान मात्र मीच काढलं. डिंकाचे लाडू एकेक कागदात बांधून डब्यात. बाळंतशेपा, खारीक, खोबरं, हळीव. घरचं तूप. बाळाला कुंची, आणि माझ्या मोरपंखी साडीचं शिवलेलं दुपटं. बारावीच्या निरोप समारंभाला हर्षाली हीच साडी नेसली होती, माझ्याशी भांडून. हे बघून तिला हसू येईल असं वाटलं. तीन वर्षांत एवढा जीव लावून मी काही केलं नव्हतं. हे म्हणाले, “आणखी काय न्हाय ना? न्हायतर म्हैस बी बांध वर.” तेही तीन वर्षांत पहिल्यांदाच चेष्टेनं बोलले.

निघायच्या दिवशी पहाटे गाडी बाहेर काढली आणि भुरभुर सुरू झाली. ताडपत्री आमच्याकडं एकच, ती सोयाबीनच्या पोत्यांवर. हे म्हणाले, “काय तरी टाक वरून, पीठ भिजंल.” मी गोठ्यामागं पळाले. तिथं कडब्याची गंजी, आणि गंजीवर दोन फ्लेक्स. आमच्याकडं फ्लेक्स कुणी फेकून देत नाही. वाढदिवसाचा असो नाहीतर मरणाचा, शेवटी कडब्यावर येतो. एक होता कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा. दुसरा हर्षालीचा. पावसानं चौकातला सुटून पडला तेव्हा मीच तो उचलून आणला होता. जाळायला चूल पेटवली होती, पण तिचा फोटो आगीत घालवेना. म्हणून तोंड खाली करून गंजीवर टाकला. दोन्ही तसेच, पांढरी पाठ वर.

डाव्या अंगाचा पुढाऱ्याचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. तो ओढला, तसाच पांढरी बाजू वर ठेवून सामानावर टाकला. यांनी ट्यूबच्या पट्ट्या आवळल्या, मागं जाऊन बघितलं, आणि या वेळी सोडलं नाही. गाडी शेताच्या वाटेला लागली. लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत मी उभी राहिले. हलकं वाटत होतं मला.

नऊच्या सुमाराला फोन आला. “येडशीला हाय. च्या घेतला. पाऊस लई लागला, पर सामान कोरडं ठणठणीत. फ्लेक्स भारी दिलास.”

“फोन भिजंल. पिशवीत घालून सामानात ठिवा,” मी शहाणपणानं म्हणाले.

मग म्हशीला कडबा काढायला गेले. उरलेल्या फ्लेक्सचं टोक उचललं. पुढारी हात जोडून माझ्याकडं बघत होता.

म्हणजे सामानावर गेला तो हर्षालीचा. मध्यंतरीच्या वाऱ्यात दोन्ही उडाले होते, यांनी परत टाकताना बाजू बदलली असणार. मला सांगायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं, विचारायचं माझ्या. मी फोन लावला. वाजत राहिला. दहा वेळा लावला. माझ्याच सांगण्यावरून तो फोन पिशवीत, पिशवी सामानात, आणि सामानावर ती.

हर्षालीला लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. “निघाले का अण्णा? मी पिठलं करणारे, त्यांना आवडतं ना? अमृतनं सुट्टी टाकलीये.” एवढं बोलणं तिचं मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर रडली असती, चिडली असती, पण माझ्या तोंडून तरी कळलं असतं. मी काय म्हणाले? “बाळंतिणीनं वाऱ्यात येऊ नये. तू भाईर येऊ नगस. सामान जावईबापूंनाच सोडू दे.”

“बरं,” ती म्हणाली. “तू जावईबापू म्हणालीस.” आणि हसली.

आता सगळी आशा अमृतवर होती. तो बघेल, समजूतदार आहे, गुपचूप घडी घालून कुठंतरी टाकेल. ज्या पोराला आम्ही दारात उभं करणार नव्हतो, त्याच्या भरवशावर मी दिवसभर बसून राहिले. शेजारची इरम्मा येऊन गेली. “दादा दिसंनात?” म्हणाली. “रामलिंगाला गेलेत,” म्हणाले. तेही खोटंच.

दिवेलागणीला फोन वाजला. हर्षालीचा.

“आई, सामान पोचलं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“अण्णा पार भिजले होते. अमृत म्हणाला, सासऱ्यांना पावसात कशाला राबवायचं. सगळं आहे तसं बांधलेलंच उचलून आत आणलं. माझ्यासमोरच सोडलं.” तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. “फोटो चांगला निवडला गं. निरोप समारंभाचा. साडी तुझी. आणि खाली तिचंच दुपटं.”

“हर्षू, ऐक...”

“शोकाकुलमध्ये पहिलं नाव तुझं हाय, आई. मग अण्णांचं.” बाळ रडायला लागलं. “मी तुला विचारलं होतं. फ्लेक्सचं नाही गं एवढं. लोकांनी लावला, तुम्ही भ्यालात, हे समजून घेतलं असतं मी. पण मी विचारलं होतं.”

फोन बंद झाला. परत लावला तर लागेना. अजूनही लागत नाही.

हे दुसऱ्या दिवशी दुपारी आले. गाडीवर सामान होतं तसंच, त्याच गोण्या, तूप त्याच बाजूला. फक्त वरचं काही नव्हतं. बीडपासून पाऊस झोडपत होता म्हणे. इरम्मा दारातच होती. “झाला का अभिषेक?” तिनं विचारलं. “झाला,” हे म्हणाले.

आत आल्यावर मी विचारलं, “बाळ?”

“दाखवलं. अमृतनं. तिच्यासारखंच हाय, कपाळ.” मग बराच वेळ पाय पुसत राहिले. “तिनं सामान परत बांधायला लावलं. म्या बांधायला लागलो तर हात चालंनात, त्यानंच बांधलं. फ्लेक्स तेवढा तिनं ठिवून घेतला. म्हनली, माझा हाय.”

मी म्हणाले, “चूक माझी हाय.” ते नाही म्हणाले नाहीत.

पिठाचा गोळा झाला होता. दुपटं पिळलं तर निळंहिरवं पाणी निघालं, मोरपंखी रंग त्यातून उतरत होता. लाडवांच्या डब्याचं झाकण सैल बसलं होतं. कागद चिकटून लाडू लगदा झाले होते. माणसानं खावं असं त्यात काही राहिलं नव्हतं, म्हणून मी डबा गोठ्याच्या भिंतीवर उपडा केला.

हात मागं घ्यायच्या आत कावळा आला. मग दुसरा, मग पाच-सहा. त्या दिवशी चाळीस माणसं तासन् तास वाट बघत बसली होती, आणि आता कुणी बोलावलं नसताना ते आले, आणि भिंत स्वच्छ होईपर्यंत शिवले.