कमी उघडलेला प्रोग्राम

तालुक्यातल्या सत्तावीस वाचनालयांच्या जुन्या कॉम्प्युटरांसाठी बनवलेल्या लिनक्स या मोफत प्रणालीत एकूण त्रेचाळीस प्रोग्राम होते. सगळे मिळून चार पूर्णांक एक जीबी. देणगीत आलेल्या पेनड्राइव्हवर मावत होते तीन पूर्णांक सात. चारशे एमबीला कात्री लावायची होती, आणि ते काम संयोगिताकडे आलं.

तिनं आपल्या मनाला विचारलं नाही, मशीनला विचारलं. कोणता प्रोग्राम महिन्यात किती वेळा उघडला, याची नोंद प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये होती. पत्त्यांचा खेळ सहाशे बारा वेळा. मराठी टायपिंग तीनशे नऊ. अगदी तळाला, पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम: चार वेळा, तोही फक्त पलूसला. मराठी आवाजासकट त्याचे चारशे दहा एमबी.

वाचनालयांना हे कॉम्प्युटर पुरवणारी संस्था चालवणारा उदयसिंह म्हणाला, "चारदा म्हंजे कुणाचं तरी बोट चुकून पडलं असणार. काढ. पत्ते मात्र राहू देत, न्हाईतर गावात पाय ठेवू देणार न्हाईत."

तिनं काढला. सत्तावीस ठिकाणी नवा संच चढला.

तिसऱ्या आठवड्यात पलूसचं वाचनालय सांभाळणाऱ्या भामाबाईंचा फोन आला. "आवं मॅडम, मशीन मुकं झालंय. आमचं लालासाहेब दोनदा येऊन माघारी गेलं."

लालासाहेब म्हणजे निवृत्त हवालदार. साखरेनं डोळे गेलेले. रोज दहाला येऊन दुपारपर्यंत पेपर ऐकायचे, असं भामाबाईंनी सांगितलं.

"रोज? अहो, महिन्यात चारदाच उघडलाय तो."

"रोज कशाला उघडू? मशीन सुरू व्हायला लय येळ खातंय. सोमवारी लावायचं ते शनिवारीच बंद. सोमवार किती असत्यात महिन्यात?"

दिवा किती वेळ जळला ते विचारायचं सोडून संयोगितानं बटण किती वेळा दाबलं ते मोजलं होतं.

रविवारी ती स्वतः पलूसला गेली, प्रोग्राम परत चढवला आणि तशीच लालासाहेबांच्या घरी गेली. ते सोप्यात भिंतीकडं तोंड करून बसले होते.

"आजोबा, आवाज परत आलाय. उद्यापासून या."

"आला व्हय?" ते हसले. "मला वाटलं, बदली झाली त्याची. आमाला तरी कोण इचारून बदली करायचं?" मग म्हणाले, "आता नगं, पोरी. मोडली सवय. घरातच बरं हाय."

"एकदा तरी या."

"बघू."

भामाबाईंनी सोमवारी प्रोग्राम लावला, शनिवारी बंद केला. संयोगितानं नोंद काढली, भामाबाईंना फोन करून विचारलं. चालू: एकशे अठ्ठावीस तास. लालासाहेब आले: शून्य दिवस.