खांद्यावरचा हात

बेल्जियममधल्या आमच्या टील्ट गावात माणूस गेला की चर्चमध्ये त्याचं स्मरणकार्ड वाटतात. एका बाजूला प्रार्थना, दुसऱ्या बाजूला फोटो. फोटोत फक्त गेलेलं माणूस. जिवंतांना तिथे थारा नाही. ही कार्डं छापणाऱ्या दुकानात मी फोटो दुरुस्त करते. बाबा गेले तेव्हा माझा भाऊ लीव्हन तिथेच आला.

"माख्टेल्ड, हा घे. यात हसतायत तरी. बाकी सगळीकडे एरंडेल प्यायल्यासारखं तोंड."

फोटो नर्सनं काढलेला. बाबा खिडकीला पाठ करून बसलेले, त्यामुळे चेहरा काळा. शेजारी मी, माझा हात त्यांच्या खांद्यावर, आणि ते माझ्याकडे बघून हसतायत. शेवटची सगळी वर्षं त्यांचं हागणंमुतणं मी काढलं. लीव्हन नाताळला यायचा, केक खायचा, घड्याळ बघायचा.

"म्हणजे मीच मला काढून टाकायचं?"

"अगं, प्रथाच आहे ती, मी थोडीच पाडली? आणि तुझ्याइतकं सफाईनं कोण करणार?"

गोड बोलून गळा कापावा तर यानं. पण दुसरा हसरा फोटो नव्हता, आणि बाबांना रडक्या तोंडानं कार्डावर बसवायला माझा जीव होईना.

आधी कॉम्प्युटरवर सगळाच फोटो उजळला. चेहरा दिसला, पण मागची खिडकी पांढरीफट्ट, पडदा गायब. ते रद्द केलं. मग चेहऱ्याभोवती रेघ फिरवून तेवढाच भाग निवडला, कडा मऊ केली, नाहीतर मुखवटा डकवल्यासारखा दिसतो, आणि फक्त तिथला उजेड वाढवला. गालावरची खळी वर आली. मला रडू फुटलं. रडून घेतलं, कॉफी प्यायले.

मग रेघ स्वतःभोवती ओढली. केस, तोंड सहज गेलं, मागे नुसती भिंतच होती. हातानं मात्र छळलं. बोटांच्या जागी दुसऱ्या खांद्यावरची स्वेटरची वीण आणून बसवली, टाक्याला टाका जुळवत. दोन बोटं राहू द्यावीत, बघू देत लोकांना, असंही मनात आलं. पण अर्धवट काम माझ्या हातून सुटत नाही, मेली खोड.

शनिवारी चर्चनंतर कॉफी आणि हॅमचे पाव होते. अँटवर्पहून कित्येक वर्षांनी आलेल्या गोडलीव्ह आत्यानं कार्ड डोळ्यांशी धरलं. "किती गोड हसतोय गं माझा भाऊ. कोणाकडे बघतोय?"

लीव्हन पाव चावत म्हणाला, "माझ्याकडे, आत्या. शेजारीच बसलो होतो."

"गुणाचं गं पोर. शेवटी मुलगाच कामी येतो."

"शेजारी मी होते, आत्या," मी म्हटलं. "माझा हात होता त्यांच्या खांद्यावर."

"दमलीय ती," लीव्हन हळूच म्हणाला.

आत्यानं चष्मा लावला, कार्ड उजेडात धरलं, खांदा, भिंत, सगळं निरखून पाहिलं. "कुठे गं? मला तर काहीच दिसत नाही."

दिसणार कसं? मी स्वतः बसून पुसलं होतं.