सात मोजून झाल्यावर

“तू आज वाजवू नकोस रे. मी बोलतो बँडमास्तरांशी,” मी सहादूला म्हणालो.

तो मांडवामागे बसून आपल्या मोठ्या पितळी बाज्याचं तोंड फडक्यानं पुसत होता. त्याची चांगुणा जाऊन सहावा दिवस होता. पाच वर्षांची पोर, घटसर्पानं तीन दिवसांत गेली.

“घरी बसून काय करू? तिची आई भिंतीकडं तोंड करून पडलीय. आन् मी तिच्याकडं बघत बसू?”

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. देवळाली कॅम्पात आमचा लष्करी बँड दर शनिवारी साहेबलोकांपुढे विलायती संगीत वाजवायचा. त्यात एक थट्टेचा तुकडा होता, आम्ही त्याला ‘गंमत’च म्हणायचो. तीस बाजे धावत सुटायचे आणि एकदम गप्प. सात ठोके सगळं चिडीचूप. मग सहादूनं एकट्यानं, झोपेतून दचकल्यासारखं, ‘भों’ करायचं. लोक पोट धरून हसायचे. एक ठोका इकडेतिकडे झाला की सगळ्याचा विचका. चुकलास तर बाजा दुसऱ्याकडे देईन, असं मास्तरांनी त्याला बजावलंच होतं.

रविवारी तो घरी सराव करायचा, तेव्हा मी असायचो. तिथे बाकीचे एकोणतीस कुठून आणणार! चांगुणाच त्याच्या गुडघ्यापाशी उभी राहून बोटांवर सात मोजायची आणि ओरडायची, “आबा, आता!” की ‘भों’. पोर हसून हसून जमिनीवर लोळायची. सुलावहिनी चुलीपासून म्हणायच्या, “जसा बाप तशी लेक. दोघंबी येडी!”

त्या संध्याकाळी मी झांजा घेऊन त्याच्या शेजारी उभा होतो. बाजे धावले, थांबले. मी मनात मोजत होतो. सात झाले. आठ. नऊ. मास्तरांची काठी हवेतच. सहादूनं बाजा ओठांना लावलेला, छाती भरून घेतलेली, आणि डोळे खाली, गुडघ्यापाशी. तो हाकेची वाट बघत होता हो!

दहा. अकरा.

मी झांजांआडून पुटपुटलो, “आबा, आता.”

‘भों!’

अख्खा मांडव हसत सुटला. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती, हसून.

कार्यक्रम संपल्यावर मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “वाह सहादू! क्या रुका तू! अब हर बार इतना ही रुकना.” झांज घालावी त्यांच्या टाळक्यात असं वाटलं मला. पण त्या माणसाला तरी काय ठाऊक?

“जी सर,” सहादू म्हणाला.

तो रिटायर होईपर्यंत अकरा वर्षं ती गंमत तशीच वाजली. दर वेळी मी हळूच ते दोन शब्द म्हणायचो. त्याशिवाय तो फुंकायचाच नाही.

एकदा मी विचारलं, “मी नसलो एखाद्या दिवशी, तर रे?”

त्यानं बाज्यावर फडकं फिरवलं. मग म्हणाला, “तू शनिवारची रजा नको घेत जाऊ.”

मी नाही घेतली. एकही नाही.